हात सैल सोड

हात हातात आला आणि आफ्रीनच्या बोटांनी तिला न विचारताच एक काम करून टाकलं. शीर शोधायची सोडून त्यांनी समोरच्या बाईची चार बोटं एकत्र मिटवली, अंगठा तळव्याच्या आत दुमडला आणि मधल्या हाडावर हलकेच दाबून पाहिलं, बांगडी चढवायच्या आधी पाहतात तसं. रक्त तपासायला आलेली बाई पण कमालीची. तिनंही निमूट हात सैल सोडून दिला. घटकाभर दोघींनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मग भानावर येऊन आफ्रीननं तो हात खुर्चीच्या दांडीवर ठेवला, हातमोजे वर ओढले, समोर पडलेला कापूस उगाच इकडंतिकडं शोधला. चंद्रपुरातल्या या लॅबमध्ये उभं राहून तिनं आजवर कोणाकोणाचे हात धरले नव्हते! खाणीतल्या माणसांचे, वीज केंद्रातल्या साहेबांचे, कॉलेजातल्या पोरींचे, पिऊन थरथरणाऱ्यांचे. सगळे तिच्या लेखी सारखे. शीर लागली, नळी भरली, विषय संपला. पण हा हात तिला ओळखू आला. नाव नंतर आठवलं, चेहरा त्याच्याही नंतर. अंगठ्याच्या मुळाशी आडवं वाढलेलं हाड, करंगळी जराशी बाहेर पळालेली. अशा हाताला अम्मी अडेल हात म्हणायची. वरून दिसायला बारीक, पण बांगडी हाडापाशी येऊन अडते म्हणजे अडतेच, आणि घाई केली की काच फुटून रक्त निघतं. ही गुणाबाई होती. धानोलीशेजारच्या खेड्यातली. नथ्थूची बायको. 

थोड्या वेळापूर्वी हिचाच पोरगा दारातून डोकावून गेला होता. सव्वीस-सत्तावीसचा असेल, अंगात जंगल गाईडचा हिरवा शर्ट, मोहर्लीच्या गेटवर सफारीची जिप्सी चालवतो म्हणाला. काउंटरवरच्या संघप्रियाला चुकवून तो सरळ आत आला आणि हात जोडूनच बोलायला लागला. "म्याडम, माय येऊन राह्यली आतमंदी. तिले काई सांगू नका. तोंडात गाठ हाय तिच्या, क्यान्सर निंगाला. नागपूरले ऑपरेशन कराचं हाय, त्याच्यासाठी रक्त पाह्यजे म्हन्ते. आमी तिले दाताचं सांगतलं हाय. दात घासून घासून फोड झाला म्हनून." आफ्रीन सुयांचा डबा उघडत होती. तिनं मान वर न करता नेहमीचं उत्तर दिलं, "आम्ही पेशंटला काही सांगत नसतो, भाऊ. आम्ही रक्त काढतो फक्त." त्यात काय नवल होतं? रोज कोणी ना कोणी येऊन हेच सांगायचं. बापाला सांगू नका, आजीला सांगू नका, बायकोचं हृदय कमजोर आहे. या खुर्चीवर बसणाऱ्यांतल्या अर्ध्यांना आपण कशासाठी बसलोय ते ठाऊक नसायचं, आणि आफ्रीनला ते ठाऊक असायचं. सुरुवातीला तिला त्याचा त्रास व्हायचा. पुढं तोही सवयीचा झाला. आज मात्र त्या पोराचं वाक्य तिच्या कानात परत परत वाजायला लागलं, कारण या बाईपासून लपवाछपवी करायची ही तिकडच्या माणसांची दुसरी खेप होती, आणि दोन्ही वेळा आफ्रीन हाताच्या अंतरावर हजर होती.

धानोली म्हणजे काय, तर मूलच्या पुढं जंगलाला टेकून पडलेलं एक गाव, जे स्वतःला शहर म्हणवून घेतं. एसटी स्टँड, दोन राईस मिल, ग्रामीण रुग्णालय, एक शाळा, बुधवारचा बाजार, आणि मागं बघाल तिथवर साग नि मोह. शहरातली माणसं आफ्रीनला म्हणतात, तुमच्याकडं किती छान, सगळे एकमेकांना ओळखतात. डोंबलाचं छान! ओळखतात म्हणजे काय, तर तुमची गोष्ट तुमच्या आधी त्यांना कळलेली असते. आफ्रीनचं सरफराजशी लग्न ठरलं तेव्हा तिला ते चक्कीवर कळलं. चक्कीवाल्या पत्रूनं पिठाचा डबा तिच्या हातात देताना तोंडभर हसून म्हटलं, "आता चंद्रपूरचं दळन खासीन पोट्टे," आणि तिला कळेना हा माणूस असा काय बोलतो. घरी अम्मी कांदा चिरत बसली होती. तिनं काही सांगितलं नाही आणि आफ्रीननं काही विचारलं नाही. रात्री अब्बांनी सांगितलं, तेव्हा आफ्रीननं नव्यानं ऐकल्यासारखा चेहरा केला. गावाची ती रीतच होती. घरातल्या मोठ्या माणसानं तोंड उघडेपर्यंत बाकीच्यांनी ज्याची गोष्ट त्याच्यासमोर काढायची नाही. चांगली असो की वाईट. मग लोक काय करायचे, तर भलतंच काही बोलायचे. बस आज उशिरा आली, पाऊस लांबला, तुरीची डाळ महागली. धानोलीत वाढलेल्या कोणत्याही पोराला हे न शिकवता कळायचं. चार माणसं कारण नसताना तुमच्याशी एसटीच्या वेळेबद्दल बोलायला लागली, की समजायचं, आपलं काहीतरी झालं. गाव सोडून आफ्रीनला पंधरा वर्षं होऊन गेली, पण अजूनही शेजारीण उगाच हवापाण्याचं बोलली की ती आधी घरी फोन लावून पाहते. असलं गाव अंगातून जात नाही. ते जाऊ देत नाही, खरं तर.

अम्मीचं बांगड्यांचं दुकान बाजाराच्या तोंडाशी होतं. दुकान कसलं, चार बांबू, वर ताडपत्री आणि खाली चटई. पण बुधवारी तिथं बायकांची रीघ लागायची. जैबुनबाईच्या हातानं बांगडी फुटत नाही, अशी आजूबाजूच्या खेड्यांत ख्याती होती, आणि अम्मी ती जिवापाड जपायची. बाई समोर बसली की आधी ती तिचा हात आपल्या मांडीवर घ्यायची, थोडं इकडचं तिकडचं विचारायची, माहेरचं, लेकराचं, आणि बाई बोलण्यात रमली की हात आपोआप सैल व्हायचा. "हात सैल सोड, बाई, मी काय तुझा हात खाते?" असं म्हणता म्हणता बांगडी हाड ओलांडून आत गेलेली असायची. सगळ्या बांगड्या भरून झाल्या की अम्मी दोन्ही मनगटं एकदा धरायची आणि म्हणायची, "जोडी सलामत रहे." हिंदू असो, गोंड असो, कोणी असो, बाई तिच्या पाया पडायची आणि मगच उठायची. आफ्रीन शाळेतून आली की चटईच्या कोपऱ्यात बसून रंग हातात द्यायचं काम करायची. तिला ते मनापासून आवडायचं, हे आज कोणाला सांगितलं तर पटणार नाही. पुढं तिनं त्या सगळ्याचा एवढा राग केला की सरफराजनं लग्नात आणलेल्या काचेच्या बांगड्यासुद्धा तिनं महिनाभरात उतरवून ठेवल्या. लॅबमध्ये चालत नाहीत, हे कारण तिला आयतंच मिळालं.

तो बुधवार मोहाच्या दिवसांतला होता. उन्हानं ताडपत्री तापलेली, आणि सगळ्या बाजारात मोहफुलांचा आंबट गोडसर वास. गुणाबाई सासूबरोबर सकाळच्या गाडीनं आली होती, हाच पोरगा, प्रफुल, तेव्हा तिच्या कडेवर. नवरा, नथ्थू, उजाडायच्या आत मोह वेचायला गेलेला. दुपारच्या सुमारास त्यांच्या गावचा डोमा मोटारसायकलवरून आला, गाडी उभी न करता तशीच आडवी टाकली आणि कांद्याच्या ढिगामागं सासूला घेऊन गेला. तो काय बोलला ते कोणी ऐकलं नाही. ऐकायची गरजही पडली नाही. शेजारचा सुकटवाला अम्मीच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, "नथ्थूले जनावरानं पकडलं. मोहाखालीच." आफ्रीन तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेल, पण जनावर म्हणजे कोणतं, हे तिकडच्या पोराला विचारावं लागत नाही. जंगल खात्याचा पंचनामा, मग प्रेत धानोलीच्याच दवाखान्यात येणार, चिरफाड होणार, मग घरी. म्हणजे संध्याकाळपर्यंत सुनेला घरीही नेता येत नव्हतं आणि दवाखान्याच्या रस्त्याकडंही फिरकू देता येत नव्हतं. तिला बाजारातच ठेवायला हवं होतं. कांद्याच्या ढिगामागून सासू बाहेर आली. तोंडावरून पदर फिरवलेला, डोळे कोरडे. तिनं सुनेचं मनगट धरलं आणि अम्मीच्या चटईवर आणून बसवलं. "जैबुनबाई, सुनेले बांगड्या भरून दे. हिरव्या. हात भरून दे." त्या खेड्यांत रीत आहे, मेलेल्या नवऱ्यासमोर बाईनं रिकाम्या हातानं जायचं नाही. कपाळभर कुंकू, अंगावर नवं लुगडं, हातभर बांगड्या, शेवटचा साज करून तिला नेतात आणि तिथंच सगळं उतरवतात. पण ते रडणं सुरू झाल्यावर, घरातल्या बायकांच्या गराड्यात. भर बाजारात, हसत्या बाईला बांगड्या भरलेल्या आफ्रीननं ना त्याआधी पाहिल्या ना त्यानंतर. अम्मीनं सासूकडं पाहिलं. नाही म्हणायची सोय नव्हती, आणि सांगायचा हक्कही तिचा नव्हता. तिनं हात मांडीवर घेतला.

गुणाबाई कशी हसत होती! पोराच्या तोंडात मुरमुरे भरवत, आज आत्याबाई एवढ्या उदार कायच्यानं झाल्या, असं सासूला म्हणत होती. अम्मीनं तिला माहेरचं विचारलं नाही, काही विचारलं नाही. नुसत्या बांगड्या चढवत राहिली. डझनभर झाल्या तशी गुणाबाई म्हणाली, "अजून भर." सासू म्हणाली, भर. पुन्हा म्हणाली, "अजून." कोपऱ्यात रंग हातात देत बसलेल्या आफ्रीनला तिची किळस आली, खरंच किळस. हिचा नवरा तिकडं पडलाय आणि ही हावरट बाई अजून अजून करते. मग तिचं तिलाच आठवलं की हिला माहीत नाही, आणि तिला रडू यायला लागलं, पण रडायचं नव्हतं, म्हणून तिनं बसच्या वेळेबद्दल काहीतरी विचारलं. कोणाला विचारलं, तेही आठवत नाही. एक बांगडी हाडावर फुटली. अम्मीच्या हातून बांगडी फुटली! रक्ताचा थेंब आला, अम्मीनं आपली ओढणी त्यावर दाबून धरली, नको तितका वेळ. बाजार उठता उठता दवाखान्याच्या बाजूनं हंबरडा ऐकू आला. त्या रात्री अम्मी जेवली नाही. अंधारात ती एवढंच म्हणाली, "हमने क्या किया रे, आफ्रीन."  आफ्रीननं मनाशी ठरवून टाकलं होतं की अम्मी खोटारडी आहे, तिचे हात खोटारडे आहेत, आणि आपण मोठेपणी असलं काम करायचं नाही. आता बघा, तिनं कोणतं काम पत्करलं ते.

"कोपरापाशी शीर सापडत नाही," आफ्रीन म्हणाली, "हातावरून घ्यावं लागेल." मूठ आवळायला सांगितलं, पट्टा बांधला, सुई घातली.  नळीत रक्त चढत होतं आणि गुणाबाई तिच्या तोंडाकडं पाहत होती. तिचा डावा गाल सुजलेला, ओठ नीट उघडत नव्हते. कापूस दाबल्यावर तिनं हळूच विचारलं, "बाई, तू जैबुनबाईची पोट्टी होय ना?"

"हाव," आफ्रीन म्हणाली. लॅबमध्ये ती कधी हाव म्हणत नसे. "तुमी कसं ओळखलं, काकू?"

"तू हात धरला ना. तसा दुसरं कोनी धरत नाई." तिला हसायचं होतं, ते गालाला जमलं नाही. "माय कशी हाय?"

"गेली. दोन वर्षं झाली."

"मले नाई सांगतलं कोनी," गुणाबाई म्हणाली.

बाहेर प्रफुल नारळपाणी आणायला गेला होता. पुढचा पेशंट अजून आत आला नव्हता. आता काकूंनी उठायला हरकत नव्हती, आणि आफ्रीनला त्यांनी उठावं असं फार वाटत होतं. पण गुणाबाई हातावरचा कापूस दाबून तशीच बसून राहिली. मग ती म्हणाली, "एक इचारू? माह्या तोंडात काय हाय?"

"ते डॉक्टर सांगतील, काकू. मी नुसतं रक्त काढते."

"डाक्टर प्रफुलशी बोलते. प्रफुल दाताचं सांगते. परवाच्या रोजी दिव्यानीच्या घरचे आले होते, त्याची होनारी बायको थे. ते मानसं माह्यासमोर बसून घंटाभर एसटीचं बोलत राह्यले. त्यायच्या दारात सोताची मोटारगाडी हाय, बाई." ती थांबली. बोलताना तिला कळ येत असावी. "तू धानोलीची हायेस. तुले समजते ना म्या काय म्हनून राह्यली थे?"

समजत होतं. न समजायला काय झालं! आफ्रीननं सुया उगाच पुन्हा मोजायला घेतल्या. सांगायचं तर लॅबमध्ये तिची नोकरी जाईल, मालक असल्या बाबतीत दयामाया दाखवत नाही. तो पोरगा हात जोडून गेला होता. आणि सांगणारी ती कोण? ना घरची, ना मोठी. पण तिला खरं अडवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. दोन वर्षांपूर्वी अम्मी चंद्रपुरात तिच्याच घरी होती, बाहेरच्या खोलीत, खिडकीशी. पोटातली गाठ पसरलेली होती. भाऊ मुन्ना म्हणाला, अम्मीला सांगायचं नाही, घाबरून आधीच मरेल. आफ्रीननं ऐकलं. लहानपणी एवढा बाणा दाखवणाऱ्या आफ्रीननं निमूट ऐकलं. रोज सकाळी गोळी हातावर ठेवत ती म्हणायची, ॲसिडिटी आहे अम्मी, कमी होईल. अम्मी गोळी घ्यायची आणि म्हणायची, हां बेटी. कशाची गोळी, किती दिवस, का वाढतंय, घरी कधी जायचं, एकदासुद्धा, अगदी एकदासुद्धा तिनं विचारलं नाही. एवढी चौकस बाई, बाजारातल्या प्रत्येकीच्या घरचं तिला ठाऊक, आणि स्वतःच्या पोटाबद्दल एक प्रश्न नाही. तिच्या मयतीनंतर आफ्रीन सगळ्यांना सांगत राहिली, बरं झालं, तिला कळलं नाही, शांतपणे गेली. सांगताना दर वेळी ती समोरच्याची नजर चुकवायची. का ते तिला कळत नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. आता ही बाई सरळ विचारत होती. अम्मीनं जे विचारलं नाही ते ही विचारत होती. हिलाही दाताचं सांगून घरी पाठवलं, तर उरलेल्या आयुष्यात आपण स्वतःला काय तोंड दाखवणार आहोत?

"क्यान्सर हाय, काकू," आफ्रीन म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला, धानोलीच्या बोलीत बोलत होता तो. "गालाच्या आतून. नागपूरले ऑपरेशन करतीन."

गुणाबाईनं मान हलवली. रडली नाही, दचकली नाही. बाजारात कोणी भाव सांगावा तशी तिनं ती गोष्ट ऐकून घेतली. "काहाडून टाकतीन?"

"हाव. गाल थोडा. जबडा बी थोडा."

"मंग बोलता येईन?"

असलं ऑपरेशन होऊन आलेले किती तरी जण आफ्रीननं याच खुर्चीवर पाहिले होते, तरी तिला खोटं बोलायचं होतं. तोंडाशी आलंही होतं. "काई दिवस तर नाई, काकू. नंतरचं सांगता नाई येत. काई लोक बोलतात, पन समजत नाई."

"अस्सं." गुणाबाईनं खिडकीकडं पाहिलं. खिडकीतून बाहेर दिसण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या कूलर दुरुस्तीच्या दुकानाची पाटी तेवढी. "मंग आयक. हे म्या कोनाले नाई सांगतलं. प्रफुललेबी नाई. तुही माय असती तर तिले सांगतलं असतं. त्या बुधवारी मले समजलं होतं."

आफ्रीनच्या हातातला डबा तिथंच राहिला.

"आत्यानं माहा हात धरला ना, तवाच काईतरी वाटलं. मंग तो सुकटवाला. रोज मस्करी करे, त्या दिवशी मले पाहून खाली पाहे. आन तुही माय. तिनं मले माह्येरचं नाई इचारलं. तिचा हात असा कापून राह्यला होता का मलेच तिची कीव आली. शेवटी दुवा बी नाई देल्ली तिनं, जोडी सलामत रहे. कशी देनार? खोटं बोलता नाई आलं बिचारीले. पन तवापर्यंत तर मले पक्कं समजलं होतं." ती थांबली, गाल हातानं धरला, पुन्हा बोलायला लागली. "म्या आत्याले इचारू शकत होती. नाई इचारलं. म्या म्हनलं, अजून भर. जवपर्यंत बांगड्या चढून राह्यल्या, तवपर्यंत मले कोनी सांगनार नवतं. आन जवपर्यंत सांगतलं नाई, तवपर्यंत तो मेला नवता. माह्यासाठी तरी नवता. म्हनून म्या अजून भर, अजून भर करत राह्यली. कोपरापर्यंत भरून घेतल्या. तुले वाटलं असन, केवढी हावरी बाई हाय."

"हाव," आफ्रीन म्हणाली. तिचा आवाज फुटला. "मले तसंच वाटलं होतं, काकू."

"वाटीन नाई तं काय. लहान होती तू."

"पन मंग तुमी रडल्या काऊन नाई?"

"आत्या बाजूले बसली होती ना. तिचा तर पोटचा पोरगा होता, बाई. आन ते माह्याजवळ बसून हिरवा कोनता चांगला दिसते थे निवडून राह्यली होती. तिले वाटलं मले मालूम नाई. म्या म्हनलं, वाटू दे. म्या रडली असती तर तिचं ते अवसान गयालं असतं. तेवढं एकच होतं तिच्यापाशी."

आफ्रीन स्टुलावर बसली.  बाहेरच्या खोलीत खिडकीशी बसलेली अम्मी, हातावर गोळी, हां बेटी. ती विचारत नव्हती ते तिला कळत नव्हतं म्हणून नव्हे. तिला सगळं कळलं होतं, पहिल्याच दिवशी, आफ्रीनच्या हातावरून. जिनं हजार बायकांचे हात मांडीवर घेतले, तिला पोटच्या पोरीचा कापणारा हात ओळखता येणार नव्हता? आणि ती पोरीसाठी गप्प राहिली, शेवटपर्यंत, एकटी. आफ्रीनला त्या खोलीत जाऊन अम्मीचा हात धरायचा होता आणि अम्मीही नव्हती, ती खोलीही आता लेकीच्या, मदीहाच्या अभ्यासाची झाली होती. ती ओठ चावून रडली. गुणाबाईनं तिला रडू दिलं. उगी म्हणाली नाही. थोड्या वेळानं आपला सुईचा हात पुढं करून तिनं आफ्रीनच्या गुडघ्यावर ठेवला, तो हात स्पिरिटनं अजून थोडा ओला होता.

दारात प्रफुल आला, हातात नारळ, त्यात नळी. त्यानं आधी आईकडं पाहिलं, मग आफ्रीनच्या लाल डोळ्यांकडं, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. गुणाबाई खुर्चीवरून उठली. "चाल बापू," ती म्हणाली. "धानोलीची निंगाली ही म्याडम, जैबुनबाईची पोट्टी. माय गेली म्हन्ते तिची, ते आयकून दोघी रडून घेतल्या. आन दाताचंच हाय म्हन्ते, दुसरं काई नाई. नागपूरले जाऊन काहाडून टाका, झालं." तिनं नारळ घेतला, सुजलेल्या गालानं एक घोट ओढला आणि बाहेर गेली.

प्रफुल मागं राहिला. त्याच्या पाठीवरचं ओझं उतरलेलं आफ्रीनला डोळ्यांनी दिसलं. त्यानं दोन्ही हात जोडले, कपाळाला लावले. "म्याडम, तुमचे लय उपकार हाय," तो हळू आवाजात म्हणाला. "तुमी सांगतलं नाई."  आफ्रीननं मान हलवली. दुसरं काय करणार होती ती?

बाहेरून गुणाबाईचा आवाज आला. ती संघप्रियाशी बोलत होती. कोनत्या गावची तू, बाप काय करते, लग्न झालं का, काऊन नाई झालं, माह्या पोराचं ठरलं हाय, तू ये लग्नाले. मग बाकावरच्या म्हाताऱ्याशी, मग त्याच्या सुनेशी. शब्द तुटत होते, मधेच कळ येऊन ती थांबायची, श्वास घ्यायची आणि पुन्हा सुरू व्हायची. धानावर यंदा तुडतुडा पडला ते, मोहर्लीच्या गेटवर कोण कोण पाहुणे येतात ते, प्रफुल लहानपणी माती खायचा ते. सगळी लॅब तिच्याकडं पाहायला लागली होती आणि ती थांबत नव्हती.

प्रफुलनं दारातून वाकून पाहिलं आणि वळून आफ्रीनकडं बघत हसला, अगदी लहान पोरासारखा. "पाहा म्याडम, कशी बोलून राह्यली माय. एवढी तं कदी बोलत नाई ते. आज खूश झाली वाटते."